नवसाबाईची बाहुली

"आता बाहुली मोठी होईल, फादर. डोळे मिटून बसा आणि चोळू नका," असं म्हणून किशोर दोंदे थेंबांची बाटली घेऊन बाकावरच्या पुढच्या पेशंटकडे वळला. हे वाक्य तो रोज तीस-चाळीस वेळा म्हणायचा. नाशिकच्या त्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एकतीस वर्षं झाली होती आणि या महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. झोपेतही हेच वाक्य बरळतो, अशी त्याच्या बायकोची, मीनाची, तक्रार होती.

फादर बोर्डे ऐंशी उलटलेले, काटक, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. ते मिटल्या डोळ्यांनीच हसले. "तुम्हीही बाहुलीच म्हणता. गंमत आहे. रोमन लोकसुद्धा हेच म्हणायचे."

दोंदेने चमकून मान वळवली आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात जायचा थेंब त्याच्या गालावर पडला.

दोंदेला शब्दांचं वेड आहे हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्याची यथेच्छ टिंगलही व्हायची. बारावीला इंग्रजीत गटांगळी खाल्लेला हा माणूस. पुढे नेत्र सहायकाच्या कोर्सला डोळ्याच्या भागांची इंग्रजी नावं त्याने पोपटासारखी पाठ केली, अर्थाच्या नावाने शंख. मग एकदा शालिमारजवळ जुन्या पुस्तकांच्या गाडीवर त्याला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश मिळाला. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी बारीक अक्षरात तो शब्द मुळात कुठला तेही दिलेलं होतं. दोंदेने सहज 'लेन्स' काढून पाहिला. लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. तो घरी आला, मीनाच्या डब्यातला मसुराचा एक दाणा घेतला आणि खिडकीशी उन्हात धरला. दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला धार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात काढलेलं भिंग तो रोज ट्रेमध्ये बघायचा, ते हुबेहूब असंच असायचं. तो इतका वेळ तसाच उभा राहिला की मीनाने विचारलं, "कीड लागलीय का?"

तेव्हापासून त्याने एक वही केली. रेटिना म्हणजे जाळं. कॉर्निया म्हणजे शिंग. मोठ्या विद्वानांनी जड जड शब्द खास आपल्याला छळायला बनवले असावेत असं त्याला कॉलेजात वाटायचं. आता कळत होतं की डोळ्यासारख्या नाजूक वस्तूला नावं देताना त्या माणसांनी स्वयंपाकघर, मासेमारी आणि गोठा एवढंच धुंडाळलं होतं. आपल्या आजीने ठेवावीत तशी ही नावं. या गोष्टीचा त्याला मनापासून आनंद व्हायचा आणि तो कोणाला सांगावा हेच कळायचं नाही.

'प्युपिल'चं पान मात्र त्याच्या कोशात नव्हतं. 'पी'ची शेवटची पंधरा-वीस पानं वाळवीने खाल्ली होती. त्याचं त्याला काही वाटलंही नव्हतं, कारण प्युपिल म्हणजे विद्यार्थी एवढं तर त्याला येत होतं. जे येतं असं वाटतं ते कोण शोधायला जातो?

फादरांच्या शेजारी बाकावर जागा होती. दोंदे तिथे बसला, जे तो ड्युटीवर कधी करत नसे.

"प्युपिला म्हणजे लहानशी मुलगी, खेळातली बाहुली," फादर सांगू लागले. सेमिनरीत त्यांच्याकडून लॅटिन घोटून घेतलं होतं आणि साठ वर्षांत ते विचारणारं कोणी भेटलं नव्हतं, त्यामुळे त्यांनाही चेव आला होता. "समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की त्या काळ्या गोलात आपणच दिसतो. एवढेसे. म्हणून बाहुली. ग्रीक लोक मुलगी म्हणायचे. संस्कृतात कनीनिका, तीसुद्धा मुलगीच. कोणी कोणाकडून उचललं असेलही, दोंदे. पण टिकलं ते ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या डोळ्यात बघून खात्री केली म्हणून."

दोंदेने त्यांना जरा डोळे उघडायला सांगितले. थेंब लागू पडला होता, बाहुली चांगली मोठी आणि काळीभोर झाली होती. तो वाकला. त्या काळोखात एक टकल्या, चष्मेवाला माणूस हातात बाटली घेऊन त्याच्याकडे बघत होता.

त्याच्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं त्याने बॅटरीने, मशीनने, भिंगाने माणसांच्या बाहुल्यांत डोकावून पाहिलं होतं. पण त्याला नेहमी पलीकडचं बघायचं असायचं, पडदा, शिरा, मोतीबिंदू. दारात उभा असलेला हा छोटा माणूस प्रत्येक वेळी तिथे होता आणि दोंदेने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. आणि दोन हजार वर्षांपूर्वी, जिथे तो जन्मात जाणार नव्हता अशा गावात, कोणीतरी आपल्या बाळाला मांडीवर घेऊन हेच बघितलं होतं. तोच माणूस, त्याच काळोखात. दोंदेला वाटलं, आपण एवढा वेळ एका फार मोठ्या घराच्या ओसरीवर उभे होतो आणि आपल्याला ते माहीत नव्हतं.

मग त्याला नवसाबाई आठवली आणि अंगावरचा काटा शरमेचा झाला.

गेल्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, शाळेच्या व्हरांड्यात शिबिर होतं. नवसाबाई आपल्या नवऱ्याला, लहानूला, घेऊन आली होती. ती पुढे काठीचं एक टोक धरून, तो मागे दुसरं टोक धरून. त्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकून दुधासारखे झाले होते. दोंदेने त्याचं नाव ऑपरेशनच्या यादीत घातलं आणि उद्या बसने नाशिकला यायचं म्हणून सांगितलं. नवसाबाई म्हणाली, नाय जमायचं.

पाड्यावरची माणसं दर वर्षी द्राक्षाच्या कामाला खाली दिंडोरी-निफाडकडे उतरतात. निघताना त्यांच्यात एक रीत होती. घरी राहणाऱ्याने जाणाऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचं आणि त्याच्या डोळ्यात आपली बाहुली बघायची. दिसली की म्हणायचं, हाय, जा. दिसली नाही तर त्या माणसाने पाड्याची वेस ओलांडायची नाही, गेला तर परत येत नाही म्हणत. चाळीस वर्षं नवसाबाईने लहानूला असं पाठवलं होतं. आता दोन वर्षं त्याच्या डोळ्यात ती तिला दिसत नव्हती. त्यामुळे तो कुठेच गेला नव्हता, आणि नाशिकलाही जाणार नव्हता.

दोंदेचे वडील नाशिकरोडच्या छापखान्यात कामगार होते. घरातले अंगारे-धुपारे त्यांनी कधीच हद्दपार केले होते आणि पोरांना एकच शिकवलं होतं, पुरावा माग. त्या शिकवणीचा दोंदेला अभिमान होता. त्या दिवशी रांग मोठी होती, ऊन चढलं होतं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आजी, बाहुली हवी असेल तर जत्रेत मिळते, प्लास्टिकची. रांग अडवू नका."

रांग हसली. नवसाबाईने काठीचं टोक उचललं आणि ती नवऱ्याला घेऊन चालू लागली.

दोन महिन्यांपूर्वी शिबिराच्या बसचा ड्रायव्हर हिरामण, जो त्याच भागातला होता, बातमी घेऊन आला. लहानूचा डावा डोळा लाल झाला, आठ दिवस तो डोकं धरून विव्हळत होता, नंतर दुखायचं थांबलं आणि उजेडही कळेनासा झाला. दोंदे समजला. पिकलेला मोतीबिंदू फार दिवस राहिला की आत दाब वाढतो आणि डोळा कायमचा जातो. आता उजवा त्याच वाटेवर होता. दोंदेने दोनदा निरोप पाठवले. उत्तर आलं नाही.

नवसाबाईला रीत कोणीही शिकवलेली असो, बाहुली दिसत नाही हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगितलं होतं. पुरावा तिच्याजवळ होता. दोंदेने तो मागितला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी त्याने मीनाला खिडकीपाशी उभं केलं आणि हलू नको म्हणाला. तिला वाटलं डोळ्यात काही गेलंय. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं, रोमन लोकांपासून लहानूपर्यंत. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मग जाऊन माफी मागा ना. इथं माझ्या डोळ्यात काय शोधताय?"

गुरुवारी बस सावळघाट चढून गेली. शिबिर दुसऱ्याच गावात होतं, पण हिरामणने काही न विचारता बस आधी पाड्याकडे वळवली. नवसाबाई अंगणात नागली पाखडत होती. लहानू भिंतीला टेकून उन्हात बसला होता. डावा डोळा आता बसल्यासारखा दिसत होता. दोंदेला बघून तिने सूप थांबवलं नाही.

दोंदे तिच्यासमोर मातीत बसला. शिबिरात सगळ्यांना आजी म्हणायची त्याला सवय होती. आज त्याच्या तोंडून मावशी आलं. "मावशी, मी चुकलो. तुम्ही खरं सांगत होता आणि मी चारचौघांत तुमची थट्टा केली."

सूप चालूच राहिलं. मग आपल्याला जे कळलं होतं ते त्याने तिला सांगितलं. समुद्रापलीकडे फार जुन्या काळी एक मोठं राज्य होतं, तिथली माणसंही एकमेकांच्या डोळ्यात बाहुली बघायची, डॉक्टर लोकांच्या पुस्तकात आजही डोळ्यातल्या काळ्या गोलाचं नाव तेच आहे, जगभर.

नवसाबाईने सूप खाली ठेवलं. "त्यांच्या बायकाबी बगत?"

"बघत असणार. नाहीतर नाव कसं पडलं असतं?"

"घरून जाताना बगत?"

"ते पुस्तकात नाही, मावशी. पण बघत असतील."

तिने लहानूकडे पाहिलं. एवढ्या लांबच्या बायकांना आपलं माणूस पाठवताना असंच वाटायचं, हे तिला पटायला वेळ लागला नाही असं दिसलं. मग ती म्हणाली, "पर याच्यात नाय ना राह्यली."

"विहिरीत वाकून बघितलं की तोंड दिसतं, कारण खाली काळोख असतो," दोंदे म्हणाला. "विहिरीत कोणी दूध ओतलं तर दिसेल का? यांच्या डोळ्यात दूध साचलंय. आम्ही दूध तेवढं काढतो. विहिरीला हात लावत नाही."

"मंग दिसंल?"

दवाखान्याचा नियम असा की पेशंटला कसलंही वचन द्यायचं नाही. दोंदेने तो एकतीस वर्षं पाळला होता. "बाहुली दिसेल," तो म्हणाला. "यांना स्वतःला किती दिसेल ते मी सांगू शकत नाही. फार उशीर झालाय. पण बाहुली दिसेल."

एवढं होऊनही गाडी तिथेच अडली. बाहुली दिसल्याशिवाय लहानूने वेस ओलांडायची नाही, आणि वेस ओलांडल्याशिवाय बाहुली दिसायची नाही. रीत मोडा असं म्हणायची हिंमत आता त्याच्यात उरली नव्हती. हिरामणने बसचा हॉर्न एकदा हळूच वाजवला.

नवसाबाई उठली, पदराला हात पुसले आणि शेजारच्या भागीबाईला हाक मारून म्हणाली, शेळ्यांकडं बग दोन दिस. मग दोंदेकडे वळली.

"मीबी येते. घरी कोणी राह्यलंच नाय, तर बगायचं कोणी?"

लहानू आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तो भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काठी दे."

शुक्रवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी वॉर्डात पट्ट्या उघडायच्या होत्या. पट्टी उघडली की आधी तक्ता वाचून घ्यायचा, मग मशीनवर तपासायचं, नातेवाइकांना नंतर बोलवायचं, असा क्रम. दोंदेने हा क्रम नव्या मुलामुलींना शिकवताना कित्येकदा आवाज चढवला होता. आज त्याने लहानूची पट्टी सोडवली, डोळा पुसला आणि तक्त्याकडे न नेता नवसाबाईला पुढे बोलावलं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण त्याला अडवलं नाही.

नवसाबाईने नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि खिडकीकडे वळवलं. वचन दिलेलं होतं आणि ते मोडलं तर तिच्यासमोर उभं राहायला त्याला जागा नव्हती. ती वाकली. आणखी जवळ गेली. वॉर्डातले बाकीचे म्हातारे एका डोळ्याने तिच्याकडे बघत होते.

"हाय," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, अगदी हळू, "हाय मी."

लहानू तिच्याकडे बघत होता. "तुझे केस पिकले," तो म्हणाला. "कदी?"

"तू नव्हता बगत तवा."

दोंदे खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिथून त्याला रस्ता दिसत होता, भाजीच्या गाड्या दिसत होत्या, आणि दिसणं ही काय वस्तू आहे ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळल्यासारखं वाटत होतं. मसूर, जाळं, शिंग आणि बाहुली, एवढ्याशा संसारावर एक म्हातारा आपल्या बायकोचे पिकलेले केस बघत होता.

मग मागून नवसाबाईचा आवाज आला. "आन् या डोळ्यातली?"

ती डाव्या डोळ्यात बघत होती. तो पांढराच होता.

डॉक्टरीणबाई काही सांगायला पुढे झाल्या, पण दोंदेने आधीच तोंड उघडलं होतं. "तो गेला, मावशी. त्याचं ऑपरेशन करून आता उपयोग नाही. गेल्या वर्षी तुम्ही आला होता तेव्हाच केलं असतं तर वाचला असता. मी तुम्हाला हाकललं म्हणून तो गेला."

नवसाबाईने त्या पांढऱ्या डोळ्यावरून अंगठा फिरवला, बाळाच्या डोळ्यावरून फिरवावा तसा. तिचा चेहरा दुखावलेला होता आणि तिने तो लपवला नाही.

"एक हाय ना," शेवटी ती म्हणाली. "दोघांना एक पुरं."

दुपारी हिरामणची बस पेठला निघणार होती. दोंदे थेंबांच्या बाटल्या आणि काळा चष्मा घेऊन त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. कोणता थेंब कधी घालायचा ते त्याने तीनदा सांगितलं. सोमवारी त्याचा शेवटचा दिवस होता हे त्याने सांगितलं नाही. लहानू बसच्या पाटीवरची अक्षरं बघत उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण बघण्यात तो गुंग झाला होता.

नवसाबाई मात्र जायला तयार होईना. ती दोंदेसमोर उभी राहिली आणि मान वर करून वाट बघू लागली.

"काय झालं, मावशी?"

"बग ना," ती म्हणाली. "राहणारा तू हायेस."

दोंदेने इकडे-तिकडे पाहिलं. फाटकावर वॉचमन होता, रिक्षावाले होते, दवाखान्यातली दोन-तीन पोरं चहा पीत होती. वडील असते तर काय म्हणाले असते हेही क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याने स्पिरिटचा वास येणारे हात तिच्या गालांना लावले आणि तो वाकला. तिच्या डोळ्यांतही कडेला सायीसारखं काही धरू लागलं होतं. त्याच्या सवयीच्या नजरेला ते आधी दिसलं, आणि पुढच्या शिबिराला हिला न्यायला हिरामणला सांगायला हवं असं तो मनात म्हणाला. पण मधला गोल अजून काळा होता. त्यात तो होता, टकल्या, चष्म्यातला, एवढासा, आणि त्याच्यामागे दुपारचं सगळं ऊन होतं.

ती थांबली होती. तो म्हणेपर्यंत तिला पाऊल उचलता येणार नव्हतं.

"हाय," तो म्हणाला. "जा, मावशी."

तिने मान हलवली आणि नवऱ्याला हाक मारली. बस दहा पावलांवर उभी होती. लहानूला आता वाट दिसत होती, तरी दोघांनी काठीची दोन टोकं धरली आणि ते चालू लागले.